किती किलो उतरतील त्याआधी किती वर्षं चालेल ते बघा

प्रश्न : डॉक्टर, मी भुसावळची. वय ४८, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ९४ किलो. पाच वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, बीपीची एक आणि थायरॉइडची एक अशा गोळ्या चालू आहेत. गुडघे इतके दुखतात की स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. पुण्याच्या वहिनीने आठवड्याचं इंजेक्शन घेऊन वर्षभरात अठरा किलो उतरवले. तिला शुगर नाही. ती म्हणते, माझं इंजेक्शनचं एक पेन उरलंय, ते घेऊन जा आणि सुरू कर. आमच्या मेडिकलवाल्याने चरबी अंगाला लागू न देणारी स्वस्तातली कॅप्सूल सांगितली. शेजारणीने एक आयुर्वेदिक पावडर आणून दिली, महिन्यात आठ किलो म्हणे. यजमान म्हणतात, तोंडाला कुलूप लाव, औषध कशाला? आखाजीला लेक माहेरी आली होती. तिचंही वजन वाढलंय, तीही विचारत होती. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली, आता मूल हवंय. यातलं कोणतं घ्यावं? आणि एकदा सुरू केलं की जन्मभर घ्यावं लागतं हे खरं का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांनी हे उत्तर वाचावं अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून त्यांच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३८ येतो. आपल्या लोकांमध्ये २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात, कारण भारतीय माणसाला कमी वजनावरच शुगर आणि हृदयाचे आजार गाठतात. ३८ वर आलेलं वजन नुसत्या तोंडाच्या कुलपाने उतरतं, पण टिकत नाही. उपाशी राहून चार-सहा किलो गेले की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी वजन परत ओढतं. यात इच्छाशक्तीची उणीव नसते, शरीराचं काम तसंच चालतं. बीपीच्या गोळीबद्दल घरात कुणी "मन घट्ट कर, गोळी कशाला" असं म्हणत नाही. वजनाच्या औषधालाही तोच न्याय लावा.

आता पावडर. ती आजच फेकून द्या. नाव आयुर्वेदिक आणि महिन्यात आठ किलो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की डब्यात न सांगितलेलं काहीतरी असण्याची शक्यता मोठी. सिब्युट्रामाइन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं, पुढे भारतातही त्यावर बंदी आली. तरीही "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या पावडरी आणि कॅप्सूलमध्ये तेच औषध चोरून मिसळलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सापडलं आहे. तुम्हाला बीपी आहे. तुमच्यासाठी हा खेळ जिवावरचा आहे.

वहिनींचं पेनही नको. त्यांची माया खरी, पण एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नसतं. सुई बदलली तरी रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा धोका उरतो. शिवाय ही इंजेक्शनं अगदी लहान डोसपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी एकेक पायरी वाढवायची असतात. आठवड्याच्या इंजेक्शनांत दोन औषधं येतात: सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ पर्यंत जातं, टिर्झेपाटाइड २.५ पासून १५ पर्यंत. वर्षभर घेणाऱ्या माणसाचं पेन बहुधा वरच्या डोसचं असणार. ते तुम्ही पहिल्याच दिवशी टोचलंत तर उलट्यांनी दवाखान्यात भरती व्हावं लागू शकतं.

मेडिकलवाल्यांनी सांगितलेली कॅप्सूल म्हणजे ऑर्लिस्टॅट. हे जुनं आणि तपासलेलं औषध आहे. ते मेंदूवर काम करत नाही, भूकही मारत नाही. आतड्यात चरबी फोडणारं जे द्रव्य असतं त्याला ते अडवतं, आणि जेवणातली साधारण ३० टक्के चरबी न पचता बाहेर जाते. रोज तीन वेळा जेवणाबरोबर घ्यायचं. याचा चार वर्षांचा एक मोठा अभ्यास आहे, ३,३०५ लोकांचा. चार वर्षांच्या शेवटी ऑर्लिस्टॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.८ किलो कमी होतं, नुसता आहार-व्यायाम करणाऱ्यांचं ३ किलो. म्हणजे औषधाची स्वतःची कमाई तीन किलोंच्या आत. ज्यांची शुगर अजून काठावर होती त्यांच्यात पुढे मधुमेह होण्याचं प्रमाणही कमी झालं. ही गोष्ट चांगलीच आहे, पण तुम्ही तो काठ ओलांडून पाच वर्षं झाली.

शिवाय आपलं खानदेशी ताट आणि ऑर्लिस्टॅट यांचं जमत नाही. शेवभाजीवर तर्रीचा थर, भरतावर कच्चं तेल, खिचडीवर पुन्हा तेल, वरणात बुडवलेल्या बट्ट्यांवर तूप. न पचलेलं हे सगळं तेल कुठून तरी बाहेर पडणारच. शौचाला घाई होते, तेलकट होतं, कपड्याला डाग पडतात, आणि लग्नाच्या पंगतीहून घरी येईपर्यंत धीर धरवत नाही. बायका हे संकोचाने सांगत नाहीत, गपचूप कॅप्सूल बंद करतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तेलाबरोबर वाहून जातात, त्यासाठी रात्री झोपताना वेगळी गोळी लागते. तुमच्या थायरॉइडच्या गोळीपासून ऑर्लिस्टॅट किमान चार तास लांब ठेवावं लागेल ते वेगळंच. ज्याला इंजेक्शन चालत नाही, ज्याचं जेवण कमी तेलाचं आहे आणि ज्याला थोडंच उतरवायचं आहे, त्याला मी हे देते. तुम्हाला देणार नाही.

राहिली इंजेक्शनं. बाजारात मुख्य तीन आहेत. लिराग्लुटाइड रोज घ्यायचं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड आठवड्यातून एकदा. जेवल्यावर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, ते मेंदूला "पोट भरलं" असं कळवतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि शुगर वाढली असेल तेव्हा इन्सुलिन सोडायला लावतं. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड त्याच संप्रेरकाची नक्कल करतात. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला आणखी एका संप्रेरकाची. माझी एक पेशंट दुसऱ्या महिन्यात म्हणाली, "माले भूकच लागत नही." बरेच जण असंच सांगतात. दिवसभर डोक्यात चालणारा खाण्याचा विचार थांबतो.

वहिनींशी तुमची तुलना मात्र इथेच तुटते. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या अभ्यासात मधुमेह नसलेल्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं. मधुमेह असलेल्यांच्या वेगळ्या अभ्यासात तेच औषध, तोच २.४ चा डोस, तेवढेच आठवडे, आणि उतरलं ९.६ टक्के. टिर्झेपाटाइडचंही तसंच: मधुमेह नसताना वरच्या डोसला २०.९ टक्के, मधुमेह असताना १४.७. लिराग्लुटाइडचे मधुमेहींमध्ये ६ टक्के. तुमच्या ९४ किलोंत मोजायचं तर लिराग्लुटाइडने साधारण साडेपाच, सेमाग्लुटाइडने नऊ, टिर्झेपाटाइडने चौदाच्या जवळ. या सरासऱ्या आहेत, कुणाचं जास्त उतरतं, कुणाचं फार कमी. पण अठरा किलोंचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून सुरू केलंत तर नऊ किलो उतरूनही तुम्हाला हरल्यासारखं वाटेल, आणि ते चूक ठरेल. नऊ किलोंनी गुडघ्यांना आराम पडतो, शुगर खाली येते, बीपीची गोळीही कधी कमी करता येते.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड समोरासमोर तपासले गेले ते २०२५ मध्ये, ७५१ लोकांत. टिर्झेपाटाइडने २०.२ टक्के, सेमाग्लुटाइडने १३.७. त्यातल्या कुणालाही मधुमेह नव्हता, पण कल तुमच्यासाठीही तोच धरायला हरकत नाही. वजन आणि शुगर उतरवण्यात टिर्झेपाटाइड पुढे आहे. सेमाग्लुटाइडच्या पाठीशी दुसरी गोष्ट आहे. आधीच हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांत त्याने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. स्थूल माणसांच्या गुडघेदुखीवरही त्याचा वेगळा अभ्यास झाला आणि दुखणं स्पष्टपणे कमी झालं.

सेमाग्लुटाइडची गोळीही येते, आपल्याकडे ती मधुमेहासाठी २०२२ पासून मिळते. सकाळी उपाशीपोटी अर्ध्या कप पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास चहासुद्धा नाही. तुमची थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते, त्यामुळे सकाळचा गोंधळ होईल. वजनही तिने इंजेक्शनापेक्षा कमी उतरतं. अमेरिकेत वजनासाठी दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्याही देतात, त्यांचा विचार तुम्ही करू नका. त्यातली एक बीपी वाढवू शकते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. जन्मभर घ्यावं लागतं का? बळजबरी कुणी करत नाही, पण बंद केलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. टिर्झेपाटाइडच्या एका अभ्यासात सगळ्यांना ३६ आठवडे औषध दिलं, मग निम्म्यांना न सांगता खोटं इंजेक्शन सुरू केलं. त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्क्यांनी वाढलं, औषध चालू ठेवलेल्यांचं आणखी उतरलं. म्हणून माझ्याकडे कुणी "लेकाच्या लग्नापर्यंत सहा महिने द्या" म्हणत आलं तर मी स्पष्ट नाही म्हणते. सहा महिन्यांचे पैसे जातात, चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात, आणि परत येते ती बहुतेक चरबीच.

त्यामुळे पैशाचा हिशेब आधी घरात बसून करा, यजमानांना बरोबर घेऊन. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड भारतात आलं तेव्हा २.५ ची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ ला होती. महिन्याला चार लागतात, म्हणजे चौदा ते साडेसतरा हजार, तेही खालच्या डोसचे. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि आपल्या कंपन्यांना तेच औषध बनवायची वाट मोकळी झाली. दुकानात दर विचाराल तेव्हा सुरुवातीच्या डोसचा विचारू नका. दुकानदार तोच सांगतो, कारण तो कमी असतो. तुम्ही ज्या डोसवर राहणार त्याचा महिन्याचा दर विचारा, त्याला बाराने गुणा, आणि किमान तीन वर्षं तेवढी रक्कम लेकीच्या बाळंतपणाला किंवा शेतीला हात न लावता निघेल का ते बघा. यजमान रेल्वेत किंवा दुसऱ्या सरकारी नोकरीत असतील तर तिथल्या दवाखान्यात मधुमेहासाठी यातलं काही मिळतं का तेही विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी सेमाग्लुटाइड, भारतीय बनावटीचं, आणि वर्षानुवर्षं परवडेल त्या डोसवर. पूर्ण २.४ नाही झेपलं तरी चालेल. मधुमेहींमध्ये १ मिलिग्रॅमवरही सरासरी ७ टक्के वजन उतरलं आहे, म्हणजे तुमचे साडेसहा किलो. टिर्झेपाटाइड जास्त जोरकस आहे हे मान्य, आणि घरची स्थिती तशी असेल तर ते निवडायला माझी काहीच हरकत नाही. पण तीन वर्षं चालणारे साडेसहा किलो मला दहा महिन्यांत थांबणाऱ्या चौदा किलोंपेक्षा मोलाचे वाटतात. दोन्हीही झेपणार नसेल आणि सर्जन चांगला असेल तर तुमच्या बीएमआयला आणि शुगरला वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन हासुद्धा रास्त पर्याय आहे. घाबरून तो बाजूला टाकू नका.

सुरू करण्याआधी एमडी फिजिशियन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांचे डॉक्टर, गाठा. जळगाव-धुळ्याला ते आहेत, पुण्याला जायची गरज नाही. पहिल्याच भेटीत ग्लिमेपिराइडचं नाव घ्या. हे इंजेक्शन आणि ग्लिमेपिराइड एकत्र आले, त्यात जेवण कमी झालं, की शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर लगेच साखर-पाणी घ्यायचं. डॉक्टर बहुधा ती एकत्र गोळी बदलून नुसतं मेटफॉर्मिन ठेवतील किंवा ग्लिमेपिराइड कमी करतील. नवरात्राचे नऊ दिवस उपास करत असाल तर तेही सांगा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्या, कारण शुगर झपाट्याने उतरली की मधुमेहाने आधीच खराब झालेला पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो. मूत्रपिंड नीट चालतं का ते सांगणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करा. पित्ताशयात खडे असतील तर सांगा, वजन वेगाने उतरताना ते वाढतात.

थायरॉइडची तुमची गोळी आड येत नाही. मनाई आहे ती मेड्युलरी नावाच्या थायरॉइडच्या विरळ कॅन्सरला, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला झाला असेल तर. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तरीही डॉक्टर सहसा देत नाहीत. आणि औषध चालू असताना पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून पाठीत कळ गेली, उलट्या थांबेनात, तर पुढचं इंजेक्शन न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सध्या मे आहे. भुसावळात पारा पंचेचाळीसला टेकतो. या औषधाचे पहिले आठवडे म्हणजे मळमळ, उलटी, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. जेवण आणि पाणी दोन्ही कमी जातं. त्यात बीपीच्या गोळीच्या नावामागे "एच" असेल तर ती लघवीवाटे पाणी काढणारी असते. या उन्हाळ्यात तुमचं अंग सुकून मूत्रपिंडावर ताण यायला दोन दिवस पुरेत. तपासण्या आत्ता करा, गोळ्यांची घडी बसवून घ्या आणि मृग लागल्यावर पहिलं इंजेक्शन घ्या. वर्षानुवर्षांच्या औषधाला महिनाभर उशिराने काही बिघडत नाही.

औषध ठेवण्याबद्दलही इकडे जरा जास्त काळजी लागते. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत लागतं. बाहेर राहिलं तर ३० अंशांच्या खाली आणि वेष्टनावर लिहिलेत तेवढेच दिवस. आपल्याकडे मे महिन्यात रात्री स्वयंपाकघरसुद्धा तीसच्या खाली येत नाही. म्हणून कुरियरने मागवू नका, फ्रिज असलेल्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, बिलावर बॅच नंबर बघा. फ्रीजरला चिकटवून ठेवू नका, एकदा गोठलेलं पेन वाया जातं.

खाण्याचं म्हणाल तर भूक मेली म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणं ही मला दिसणारी सगळ्यात वाईट सवय आहे. ताटात जे थोडं जाईल त्यात प्रथिनं आधी गेली पाहिजेत, नाहीतर पाय लुळे पडल्यासारखे होतात. आपल्याकडे कळण्याची भाकरी आहे, ज्वारीबरोबर उडीद दळलेली. घट्ट वरण, मूग, मठ, ताक, चालत असतील तर अंडी. क्रिएटिनिन ठीक असेल तर दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य ठेवा. शेवभाजी बंद करा असं मी म्हणत नाही, पण जठर सावकाश रिकामं होत असताना तर्रीची वाटी तासन्तास छातीशी येते, तुम्हीच ती बाजूला सारू लागाल. श्रावणात कानबाईचे रोट येतील, तेव्हा प्रसाद घ्या, पोट भरल्याची खूण आली की थांबा. त्या खुणेपुढे दोन घास खाल्ले की उलटी होते. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा, एवढं गुडघ्यांना सोसेल तसं सुरू करा. चालणं त्याच्या जोडीला.

लेकीला मात्र यातलं काहीही नको, निदान आत्ता नको. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं, आणि वजन उतरलं की बंद पडलेली पाळी सुरू होऊन ध्यानीमनी नसताना दिवसही राहतात. तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, पीसीओडी, थायरॉइड आणि शुगर तपासा. तिच्या वयात पाच-सात किलो आहाराने आणि चालण्याने उतरले तरी पाळी रुळावर येण्याची चांगली आशा असते. बाळंतपण आणि अंगावरचं दूध पाजणं आटोपलं की तिच्या औषधाचं बघू.

तुम्ही सुरू कराल तेव्हा वहीत दर रविवारी वजन, महिन्याला कमरेचा घेर आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) लिहीत जा. सोसेल त्या वरच्या डोसवर सहा महिने होऊनही पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत पावणेपाच किलो उतरले नाहीत, तर ते औषध तुमच्यासाठी नाही. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि टिर्झेपाटाइडवर जायचं की थांबायचं ते ठरवा, पैसे भरत राहू नका.